बाळगोळी ते पाळणाघर

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात लोकसाहित्याचा पेपर शिकविताना पाळणागीतांचा विषय निघाला होता. पाळणा म्हणजे बाळाला निजविण्याचे साधन, पाळणा म्हणजे बारशाला म्हणावयाचे गीत, ‘पाळणा हलणे’ म्हणजे घरात मूल जन्माला येणे आणि ‘पाळणा लांबविणे’ म्हणजे ते लांबणीवर टाकणे, असा शब्दाचा प्रवास आम्ही नेहमीप्रमाणे फळ्यावर मांडीत होतो. तेव्हा लालबागच्या चाळीत वाढलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितले की, तिच्या घरी पणजीची एक पितळी डबी आहे, सुपारीएवढी. घरातील सगळे तिला ‘गोळीची डबी’ म्हणतात, पण कसली गोळी ते कोणालाच ठाऊक नाही. ‘तिच्यात आता सुया ठेवतात’, असेही ती म्हणाली.

कसली गोळी असावी याचा अंदाज आम्हांस होता. तरी त्या तासाला आम्ही काही बोललो नाही, कारण सांगायला बसलो तर तास पुरला नसता. येथे तेच थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

लहान मुलासाठी घर सुरक्षित करणे ही कल्पना आज आपण वस्तूंच्या भाषेत मांडतो. जिन्याला फाटक, खिडकीला जाळी, विजेच्या छिद्रांना टोपणे, औषधांच्या कपाटाला कुलूप. जुन्या मराठी घरात यांतले काही नव्हते आणि धोके मात्र पुष्कळ होते. चूल जमिनीलगत, पाण्याचा हंडा जमिनीलगत, विळी जमिनीवर, परसात कठडा नसलेली विहीर, गोठ्यात जनावरे, कुडाच्या भिंतीत विंचू. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागू नये असे जे जे काही असेल ते ते नेमके त्याच्याच उंचीवर मांडलेले असे. बाळासाठी म्हणून घराच्या रचनेत जो एक बदल होई तो पाळण्याचा. आढ्याला टांगलेला पाळणा बाळाला ओल, मुंगी, उंदीर, विंचू आणि कुत्रे यांच्यापासून वर उचलून धरी. शेतावर हेच काम बाभळीच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी करी. पाळण्याचे कोरीवकाम, त्यावरची राघूमैना, त्याची गाणी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तो मुळात जमिनीपासून दूर राहण्याचा उपाय आहे, हे क्वचितच कोणी लिहिते.

पाळण्याबाहेर आलेल्या मुलाची सुरक्षितता मात्र माणसांवर सोपविलेली असे. आजी, विधवा आत्या, शेजारीण, मोठी बहीण. पाचवीच्या आणि सहावीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू द्यायचा नाही, कोणी ना कोणी जागे राहायचे, उशाशी विळा किंवा कोयता ठेवायचा, हे सटवाईचे विधी आपण श्रद्धेच्या सदरात घालून मोकळे होतो. नाळ कापलेल्या जखमेतून होणारा धनुर्वात पहिल्या एक-दोन आठवड्यांतच नवजात बालकाला गाठतो, हे लक्षात घेतले की त्या रात्रींची भीती कोठून आली असेल याचा तर्क करता येतो. विळ्याने धनुर्वात टळत नाही. किंबहुना नाळही कधीकधी त्याच विळ्याने कापली जाई. पण जागरणाचा अर्थ सरळ आहे. बाळाला एकटे सोडायचे नाही. जुन्या घराची सुरक्षितता ही अशी जागणाऱ्या माणसाची होती, वस्तूंची नव्हती. माणूस काढून घेतले की ते घर मुलासाठी अत्यंत घातक ठरणार, हे उघड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरणगावात नेमके हेच घडले. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे आली; आजी, आत्या आणि परस गावी राहिले. बहुतेक गिरणीकामगारांचे घर म्हणजे एक खोली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ चाळी उभारल्या त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि खाजगी मालकांच्या जुन्या चाळींच्या तुलनेत ती बरी म्हणावी अशी! त्या एका खोलीत शेगडी, मोरी, रॉकेलची चिमणी, बिऱ्हाडाचे सामान आणि पुष्कळदा एखाददुसरा पाहुणाही. दाराबाहेर सामाईक गॅलरी. तिच्या कठड्याच्या दोन गजांमधून लहान मूल सहज निसटावे.

या खोल्यांतील मुलांचे काय होत होते, याचे आकडे उपलब्ध आहेत. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत हे प्रमाण हजारी ८२८ होते. चार किंवा अधिक खोल्या असलेल्यांत १३३. हे आकडे जपूनच वाचले पाहिजेत. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. त्यामुळे जन्माची नोंद मुंबईत होत नसे, मृत्यूची होई, आणि प्रमाण फुगून दिसे. तेवढे वजा केले तरी एक खोली आणि चार खोल्या यांच्यातली दरी शिल्लक राहतेच. गॅस्ट्रो, देवी, गोवर, न्यूमोनिया, दूषित दूध ही मृत्यूंची कारणे खोलीच्या आकाराशी बांधलेली होती.

आता गिरणीत जाणाऱ्या आईचा दिवस पाहू. गिरण्यांच्या रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत प्रामुख्याने स्त्रिया असत. त्यांच्यावर नायकिणीची देखरेख. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानंतरही आठवड्याला साठ तास काम घेता येत होते. पहाटे उठून चूल, पाणी, भाकरी, मग भोंगा. नवरा गिरणीत, सासू गावी. तान्ह्याचे काय करावयाचे? तीन वाटा होत्या. शेजारणीकडे ठेवावयाचे, आणि ती बहुधा स्वतःच कामाला जाणारी असे. बरोबर न्यावयाचे, मग कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत, यंत्रांच्या शेजारी, टोपलीत निजवावयाचे. किंवा घरीच ठेवावयाचे, आणि ते घरी सुरक्षित राहावे म्हणून ते हलणार नाही अशी व्यवस्था करावयाची.

ही व्यवस्था म्हणजे बाळगोळी. अफू आणि जायफळासारखे मसाल्याचे पदार्थ एकत्र करून वळलेली बारीक गोळी. ती दुधात किंवा पाण्यात उगाळून मुलाला चाटवावयाची. काही आठवड्यांचे असल्यापासून दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत, रोज. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ इत्यादी सहाणेवर उगाळून देतात ती बाळगुटी निराळी. दोन शब्दांत दोन अक्षरांचा फरक, आणि घरातील वयस्क बायकांच्या बोलण्यात तोही कधीकधी पुसला जातो. विद्यार्थ्यांनी मौखिक आठवणी गोळा करताना हे ध्यानात ठेवावे. ‘आम्हांला लहानपणी गुटी देत’ या वाक्यात काय दडले आहे हे पुन्हा एकदा विचारावे लागते.

ही गोळी किती मुलांना दिली जात होती? मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. हा आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या, १९२९ ते १९३१ या काळातील व्हिटली आयोगानेही मुलांना अफू देण्याच्या प्रथेची दखल घेतली.

अफू तान्ह्या मुलाचे काय करते? ते झोपते. भूकही मरते, त्यामुळे ते दूध मागत नाही. बद्धकोष्ठ होतो, मूल वाळत जाते, आजाराला तोंड देण्याची ताकद राहत नाही. मात्रा किंचित अधिक झाली की श्वास मंदावतो आणि ते उठत नाही. रोजची मात्रा हळूहळू वाढवावी लागते, कारण शरीर सरावते. आणि गोळी वळणाऱ्याच्या हाताला माप नसते. आयांना हे कळत नव्हते काय? जिचे एखादे मूल असे गेले तिला कळत नसेल, असे मानणे आम्हांस कठीण जाते.

त्या काळचे अहवाल, भाषणे आणि आरोग्यविषयक पत्रके यांत या स्त्रियांसाठी एक शब्द हमखास येतो: अज्ञान. आम्हांस तो पटत नाही. चार भिंतींत पेटती शेगडी, पाण्याची बादली, उघडी गॅलरी आणि दहा तास कोणी नाही, अशा खोलीत रांगणारे जागे मूल अधिक सुरक्षित की निजलेले, याचा हिशेब ती आई रोज पहाटे करीत होती. तो हिशेब भयंकर होता, पण चुकीचा होता असे म्हणण्यापूर्वी दुसरे उत्तर कोणते होते ते दाखवावे लागेल. घर मुलासाठी सुरक्षित करणे तिच्या हाती नव्हते. खोली भाड्याची, वेळ गिरणीची. तिच्या हाती फक्त मूल होते. मुलाला त्या घराजोगे करणे, म्हणजे निश्चल करणे, एवढेच तिला शक्य होते.

दुसरे असे की, अफू काही चोरून येत नव्हती. ती सरकारी परवान्याच्या दुकानातून येई आणि तिच्यावरील महसूल सरकारी तिजोरीत जाई. १८९३ ते १८९५ या काळात रॉयल अफू आयोगाने साक्षी नोंदविल्या. त्यांत मुलांना अफू देण्याचा प्रश्न आला, आणि अनेक डॉक्टरांनी ही प्रथा फारशी घातक नसल्याची ग्वाही दिली. आयोगाच्या बहुमताचा कौलही अफूच्या व्यवहाराला धक्का न लावण्याचाच होता. ज्या शासनाने गोळी विकली त्याच शासनाच्या पत्रकांनी पुढे गोळी देणाऱ्या आईला अडाणी ठरविले. असो.

ही प्रथा ‘पौर्वात्य’ आहे, अशीही एक समजूत त्या लेखनात डोकावते. वस्तुतः मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात हेच चालू होते. तेथे गोळी नव्हती, बाटली होती: ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड पेय. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे आणि मार्क्सच्या ‘भांडवला’तही गिरणीत जाणाऱ्या आया व अफू दिलेली मुले आली आहेत. इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर निर्बंध येऊ लागले. धागा कापसाचा होता. तो जेथे जेथे गेला तेथे तेथे आई घराबाहेर, मूल घरात आणि मध्ये अफू, असा देखावा दिसतो. मुंबईत तो अर्धशतकाने उशिरा दिसला, एवढेच.

या पार्श्वभूमीवर १९२८ सालची मुंबई कायदे कौन्सिलमधील चर्चा वाचावी. रा. स. आसवले यांनी गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी यासाठी विधेयक आणले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नसावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आंबेडकर स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. कौन्सिलच्या भाषणात यातले काही नाही, आणि भाषणाचा अर्थ त्यावरून लावावा असेही आम्ही म्हणत नाही. पण चाळीतील बालमृत्यू हा त्या सभागृहातील बहुतेकांसाठी आकडा होता आणि एका सभासदासाठी नव्हता, हे विसरून ती चर्चा वाचता येत नाही. १९२९ साली कायदा झाला.

कायद्याने काही आठवड्यांची रजा दिली. रजा संपल्यावर पुन्हा तीच पहाट. तेव्हा दुसरी मागणी पुढे आली ती गिरणीतच मुलांना ठेवण्याच्या जागेची. काही गिरण्यांनी अशा खोल्या आधीच सुरू केल्या होत्या. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना अशी खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी ती बंधनकारक केली आणि १९७६ मध्ये पन्नासाचा आकडा तिसावर आणला.

मराठीने या खोलीला नाव दिले पाळणाघर. भाषेच्या अभ्यासकांना हा शब्द आम्ही आवर्जून दाखवितो. फ्रेंच ‘क्रेश’ म्हणजे मुळात गव्हाण, जिच्यात येशूला निजविले ती. इंग्रजीने तो शब्द तसाच उचलला. मराठीने तो न उचलता आपल्या आढ्याला टांगलेला पाळणा घेतला आणि त्याला ‘घर’ जोडले. जुन्या घरातील जागणारी माणसे गिरणीने हिरावली होती. नव्या शब्दात ते घर, निदान नावापुरते, गिरणीच्या आवारात परत आले. चांगल्या पाळणाघरात दूध, आंघोळ, स्वच्छ कपडे आणि एक दाई असे, आणि मुख्य म्हणजे मूल जागे राहू शके. पण पुष्कळ आया सुरुवातीला तेथे मूल ठेवावयास नाखूष असत. परक्या बाईवर, परजातीच्या हातच्या दुधावर विश्वास ठेवणे सोपे नव्हते. शिवाय चाळीपासून गिरणीपर्यंत तान्हे मूल गर्दीतून, पावसातून न्यावे लागे.

याहून मोठी अडचण वेगळीच निघाली. बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघर, रात्रपाळीला बंदी, या सगळ्यामुळे स्त्री-कामगार मालकाला ‘महाग’ वाटू लागली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. पुढील दशकांत, यंत्रांच्या आणि कामाच्या फेररचनेबरोबर, हे प्रमाण घसरतच गेले. राधा कुमार यांनी दोन महायुद्धांमधल्या काळातील या स्त्रियांवर १९८३ साली लिहिलेला निबंध जिज्ञासूंनी पाहावा. मुलाच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या कायद्याने आईची नोकरी असुरक्षित झाली, असे एका वाक्यात म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दोष कायद्याचा नव्हता. खर्च टाळण्याची मोकळीक मालकाला राहिली, हा दोष. बाळगोळी मात्र कमी होत गेली, आणि औषधाखेरीज अफूची विक्री स्वतंत्र भारतात १९५९ साली पूर्ण थांबविण्यात आली.

गिरणगावाच्या साहित्याकडे या नजरेने पाहिले की एक उणीव जाणवते. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ (१९३३) पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) पर्यंत गिरणी, संप, चाळ, भोंगा, व्याजाचा पठाण, व्यसन आणि बेकारी यांवर मराठीने लिहिले. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने घरी आणले आणि त्यातून नारायण सुर्वे हा कवी आपल्याला मिळाला, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु भोंगा झाल्यावर खोलीत मागे राहिलेले झोपलेले मूल आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. बाप संपावर जातो ते दिसते, आई कामावर जाते तेही दिसते. दाराला बाहेरून लावलेल्या कडीच्या आतले दिसत नाही. ज्यांनी ते लिहिले असते त्या स्त्रियांच्या हाती लेखणी नव्हती, हे कारण खरे आहे. पुरेसे आहे की नाही याची आम्हांस शंका आहे. लाजही असावी.

आणखी एक व्यक्ती या इतिहासात पुन्हा पुन्हा येते आणि पुन्हा पुन्हा दुर्लक्षिली जाते. ती म्हणजे मोठी बहीण. गोळी नसेल तेव्हा किंवा गोळीचे वय सरले की मूल तिच्या कडेवर. ताराबाई मोडकांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी बालवाडीचा प्रयोग सुरू केला आणि मुले येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडला गेल्यावर विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधली. त्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता: धाकट्याला ठेवायला जागा मिळाल्याखेरीज आदिवासी मुलगी शाळेत येणार नाही. सरकारी योजनेत अंगणवाडी १९७५ साली आली. मुंबईत बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ने १९७२ पासून पाळणाघरे चालविली, मीरा महादेवन यांनी दिल्लीत १९६९ साली त्याची सुरुवात केली होती. विटांचे ढीग, चुन्याचे हौद, लोंबकळणाऱ्या तारा यांच्यात वाढणाऱ्या त्या मुलांचे घर म्हणजे अर्धवट उभी इमारत. तेथेही पाळणाघर सुरू होण्याआधी मूल सांभाळीत असे ती पाच-सहा वर्षांची बहीणच.

ती विद्यार्थिनी पंधरा दिवसांनी पुन्हा आम्हांला भेटली. तिने घरी आजीला खोदून विचारले होते. आजी आता पंच्याऐंशीच्या पुढची. आधी म्हणाली, गुटीची डबी. मग म्हणाली, अफूची. गोळी तिच्या धाकट्या भावाला देत, आई वाइंडिंगला जाण्याआधी. एकदा तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. शेजारच्या बायकांनी त्याला पाणी मारमारून जागे केले आणि त्या दिवसापासून आईने गोळी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून आजीची शाळा सुटली. ती तिसरीत होती.